जबड्याच्या ऑपरेशनचं कॉम्प्युटरवर नियोजन: वायर गोठवण्यापासून ओटीतल्या शेवटच्या तपासणीपर्यंत

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्प्लिंट, म्हणजे जबडा ठरल्या जागी आणण्यासाठी दातांवर बसवायचा साचा, बसला नाही. वरचा जबडा ठरवल्यापेक्षा मागे राहिला. पडद्यावर कॅन्ट (दातांच्या ओळीचा डावा-उजवा तिरपेपणा) सरळ होता, फोटोत तिरकाच दिसतो. तोंड-जबड्याच्या सर्जरीचे पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले सर्जन ह्या तक्रारी घेऊन येतात, तेव्हा मी त्यांची फाइल मागून घेतो. पडद्यावरचं काम बहुतेक वेळा नीटनेटकं असतं. चूक त्याच्या दोन-तीन आठवडे आधीची निघते: मेणाचा बाइट (वरचे-खालचे दात एकमेकांसमोर कसे येतात त्याचा ठसा) घाईत घेतलेला, डोक्याची ठेवण कोणी नोंदवलेली नाही, किंवा दातांचा स्कॅन झाल्यावर ब्रेसेसची वायर बदललेली. सॉफ्टवेअर पेशंटला पाहत नाही, आपण दिलेल्या फाइलवर विश्वास ठेवतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून ह्या लेखात निम्म्याहून जास्त जागा पडदा उघडण्याआधीच्या कामाला दिली आहे. उदाहरण दोन्ही जबड्यांच्या ऑपरेशनचं घेतलं आहे: वर ले फोर्ट वन (वरचा जबडा आडवा कापून मोकळा करणं), खाली दोन्ही बाजूंचं सॅजिटल स्प्लिट (खालच्या जबड्याचं हाड मागच्या भागात उभं चिरणं), गरज पडल्यास हनुवटी, आणि छापलेल्या दोन स्प्लिंटवर काम. कटिंग गाइड आणि पेशंटसाठी खास बनवलेल्या प्लेट वापरणाऱ्यांनाही टप्पा १ ते ६ तसेच लागू आहेत.

## टप्पा १: ऑर्थोडॉन्टिस्टबरोबर दात गोठवा

ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टला एकच प्रश्न विचारा: दात हलणं थांबलं आहे का? शेवटची जाड आयताकृती वायर बसून किमान चार आठवडे झालेले असावेत आणि ती पूर्ण पॅसिव्ह झालेली असावी. म्हणजे ती काढून परत घातली तर कुठल्याही ब्रॅकेटमध्ये ढकलावी लागू नये. हुक लावायचे असतील तर तेही स्कॅनच्या आधी.

स्कॅन झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत वायरला कोणी हात लावायचा नाही. हे तोंडी सांगून भागत नाही. पेशंटच्या कार्डावर लिहा, पेशंटलाही सांगा. सुटलेला ब्रॅकेट परत चिकटवणं, टोचणारी वायर कापणं, "जरा घट्ट करून देतो" असं म्हणणं, ह्यातल्या कशानेही दात अर्धा मिलिमीटर सरकू शकतो, आणि घट्ट बसणाऱ्या स्प्लिंटला तेवढा पुरतो.

अक्कलदाढा काढायच्या असतील तर सहा महिने आधी काढा, म्हणजे स्प्लिटच्या जागी हाड भरून येतं. काही सर्जन त्या ऑपरेशनच्या वेळीच काढतात. तसं करायचं असेल तर ते नियोजनात दिसलं पाहिजे.

तपासा: दातांची प्लास्टर मॉडेल हातात धरून दोन्ही कमानी अंतिम बाइटमध्ये जुळवून पाहा. पुढे आणि दोन्ही बाजूंना मागे, असा तीन ठिकाणी ठाम स्पर्श मिळत नसेल तर पेशंट अजून तयार नाही. त्याला परत ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवा. एखादी दुसऱ्या मोलरची (दाढेची) उंच कस्प (टोक) अडवत असेल तर ती आत्ता सापडलेली बरी.

## टप्पा २: पेशंटला मोजा, हाताने आणि कागदावर

सीटीत हाड दिसतं. ओठांच्या हालचाली, हसू आणि बोलताना दिसणारे दात त्यात नसतात, आणि वरचा जबडा वर-खाली किती न्यायचा हे त्यावरच ठरतं. पेशंटला उभं करा आणि ही मापं स्वतः घ्या:

- ओठ सैल असताना वरचे पुढचे दात किती दिसतात (साधारण २ ते ४ मिमी अपेक्षित, बायकांमध्ये थोडे जास्त)
- पूर्ण हसल्यावर किती दात आणि किती हिरडी दिसते
- चेहऱ्याच्या मधल्या रेषेपासून वरची मिडलाइन (मधल्या दोन दातांमधली रेषा), खालची मिडलाइन आणि हनुवटी किती व कुठल्या बाजूला
- दोन्ही कॅनाइनच्या (सुळ्यांच्या) टोकांच्या उंचीतला फरक
- वरच्या ओठाची लांबी, नाकपुड्यांची रुंदी

ही मापं शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या. "ओठ सैल सोडा" म्हटल्यावर बरेच पेशंट ओठ आवळतात. त्यांना "एम्मा" म्हणायला लावून मग ओठ सोडायला सांगा. मिडलाइनचं कुठल्या बाजूचं माप आहे ते लिहिताना "पेशंटची उजवी" असं पूर्ण लिहा. नुसतं "उ" लिहिलेला कागद तीन आठवड्यांनी कोणालाच कळत नाही.

ह्याच वेळी घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा झापड येणं ह्याबद्दल विचारा. खालचा जबडा मागे नेल्याने जिभेमागची श्वासाची जागा कमी होते. होकार आला तर झोपेची तपासणी आधी करा. खालचा जबडा जास्त मागे नेण्याऐवजी वरचा जास्त पुढे आणण्याचा विचारही इथूनच सुरू होतो.

## टप्पा ३: सेंट्रिक बाइट

सेंट्रिक बाइट म्हणजे खालचा जबडा सांध्याच्या खोबणीत नीट बसलेला असताना घेतलेला बाइट. सगळ्यात जास्त केसेस इथे बिघडतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

वरचा जबडा आधी कापायचा असेल तर इंटरमीडिएट स्प्लिंट (दोनांपैकी पहिला, एकच जबडा कापल्यावर वापरायचा) न कापलेल्या खालच्या जबड्यावर टेकतो, आणि वरच्या जबड्याची नवी जागा त्यावरून ठरते. समजा बाइट घेताना पेशंटने सवयीने जबडा ३ मिमी पुढे काढला. सॉफ्टवेअरला तीच खरी जागा वाटली आणि स्प्लिंट तसाच बनला. ऑपरेशनच्या दिवशी भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि कॉन्डाइल (खालच्या जबड्याचं कानाजवळच्या सांध्यातलं टोक) आपल्या खोबणीत मागे बसतो. आता खालचा जबडा ३ मिमी मागे आहे, म्हणून स्प्लिंट वरच्या जबड्यालाही ३ मिमी मागे बसवतो. पाच मिमी पुढे आणायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात दोनच आले. स्प्लिंट मात्र अगदी छान बसलेला दिसतो. म्हणूनच ही चूक टेबलावर ओळखू येत नाही.

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून हेच झालं. खालचा जबडा लहान असलेली मुलगी होती. अशा मुलामुलींना चांगलं दिसावं म्हणून जबडा पुढे धरायची वर्षानुवर्षांची सवय असते. मी तिला खुर्चीत बसवून "चावा" म्हणालो, तिने नेहमीसारखं चावलं, आणि मी ते मेण सीटीला पाठवून दिलं. आठव्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये वरचा जबडा कुठे बसला होता ते पाहिलं, त्यानंतर बाइटचं काम मी दुसऱ्या कोणावर सोडलेलं नाही.

बाइट घ्यायची पद्धत:

1. पेशंटला खुर्चीत जवळजवळ आडवं करा. मान सैल, पाय मोकळे.
2. पाच-दहा मिनिटं मागच्या दातांमध्ये कापसाचे रोल ठेवा, म्हणजे स्नायू दातांची जुनी जुळणी विसरतात. जबडा पुढे धरायची सवय पक्की असेल तर काही आठवडे सपाट स्प्लिंट वापरायला द्या आणि मग बोलवा.
3. जबडा दोन्ही हातांनी हलकेच धरून बिजागरीसारखा उघडझाप करा. मागे ढकलू नका. ढकलल्याने कॉन्डाइल मागे दबतो आणि चूक उलट दिशेने होते.
4. मऊ केलेलं मेण ठेवून पहिल्या दाताचा स्पर्श होण्याच्या किंचित आधी थांबा. दोन्ही कमानींत साधारण एक मिमी फट राहिली तर उत्तम. सीटीत वरचे-खालचे दात वेगळे करणंही त्यामुळे सोपं जातं.
5. मेण थंड होऊ द्या, काढा, ओठ-गालांना लागणारा भाग कापून टाका. बाहेर राहिलेलं मेण ओठांना फुगवतं आणि सॉफ्ट टिश्यूचा स्कॅन बिघडतो.
6. हे सगळं तीनदा करा. तिन्ही मेणं मॉडेलवर लावून पाहा. तिन्ही वेळा खालचं मॉडेल एकाच जागी येत नसेल तर त्या दिवशी बाइट मिळालेला नाही, दुसऱ्या दिवशी बोलवा.

सावध: पेशंट जळगाव-लातूरसारख्या ठिकाणाहून येत असेल तर तो बहुतेक गावाजवळच्या सेंटरवरच सीटी करतो. मेण डब्यात घालून, त्याला स्वतः तोंडात घालून दाखवायला लावून मगच पाठवा. उन्हाळ्यात एसटीच्या प्रवासात मेण वितळून वाकतं. मार्च ते जूनमध्ये सिलिकॉनचं बाइट मटेरियल वापरा.

## टप्पा ४: डोकं सरळ म्हणजे नेमकं कसं

पडद्यावर डोकं कसंही फिरवता येतं. म्हणून "सरळ" म्हणजे काय हे पडद्यावर ठरवायचं नाही, पेशंटवर ठरवायचं.

सॉफ्टवेअर फ्रँकफर्ट प्लेन (कानाच्या छिद्रांपासून डोळ्यांच्या खोबणींच्या खालच्या कडेपर्यंतची पातळी) आडवा करून देतं आणि बरेच जण तेवढ्यावर थांबतात. पण कानाची छिद्रं किंवा डोळ्यांच्या खोबणी वर-खाली असलेला पेशंट असेल, आणि असममित चेहऱ्यांत असे पुष्कळ असतात, तर हाच प्लेन तिरका असतो. फरक किती पडतो ते मोजून पाहा. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत उभं अंतर ११० मिमी धरा. डोकं फक्त ५ अंश वर-खाली चुकलं तर हनुवटी पुढे-मागे जवळजवळ साडेनऊ मिमी सरकलेली दिसते. त्याच पेशंटचा खालचा जबडा एका ठेवणीत मोठा वाटेल आणि दुसरीत ठीक.

नोंद अशी करा. पेशंटला चपला काढून उभं करा, समोर भिंतीवर आरसा. दोन-तीन वेळा मान वर-खाली करायला लावा, मग स्वतःच्या डोळ्यांत पाहू द्या. मागे गवंड्याचा ओळंबा टांगलेला असू द्या, म्हणजे फोटोत खरी उभी रेषा मिळते. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर, स्टँडवर आणि शक्यतो दीड-दोन मीटर लांब. हातात धरून जवळून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान येतात. डोक्याला लावायचा सेन्सर असेल तर तो आणखी चांगला, पण ओळंब्यानेही काम नेमकं होतं.

तपासा: मान वाकडी धरण्याची सवय असलेला पेशंट आरशातही वाकडाच उभा राहतो. फोटोतली ठेवण डोळ्यांना खटकत असेल तर सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघांनी समोर बसून एकमत करा आणि कोणती ठेवण धरली ते लिहून ठेवा.

## टप्पा ५: सीटी आणि दातांचा स्कॅन

सेंटरला फोन करून नुसतं "फेस सीटी" सांगितलं तर जाड काप आणि फिल्म मिळतात. चिठ्ठीवर हे लिहून द्या:

- काप १ मिमी किंवा त्याहून पातळ, मधे फट नाही, गँट्री (सीटी मशीनचं गोल कडं) तिरकी नाही
- कपाळापासून हनुवटीच्या पूर्ण खालपर्यंत, नाकाचं टोक आणि दोन्ही कॉन्डाइल चौकटीत
- मेणाचा बाइट दातांत, ओठ सैल, गिळायचं नाही, हनुवटीखाली किंवा कपाळावर पट्टा नाही
- मूळ डायकॉम फाइल (सीटी मशीनमधून थेट निघणाऱ्या) हव्यात. फिल्म, पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरचे फोटो चालणार नाहीत

सीबीसीटी (दात-जबड्यांसाठीचा कोन-बीम सीटी) करत असाल तर मोठ्या फील्डचं मशीन लागतं. इम्प्लांटसाठी वापरतात त्या लहान फील्डमध्ये कॉन्डाइल कापले जातात. हनुवटी टेकवायची पट्टी काढून टाकायला सांगा, नाहीतर हनुवटीचा मऊ भाग दबलेला येईल. सीटीमध्ये पेशंट आडवा असल्याने गाल कानाकडे ओघळतात, हे चेहरा पाहताना लक्षात ठेवा.

दातांसाठी वेगळा स्कॅन लागतोच. ब्रॅकेट आणि धातूच्या फिलिंगमुळे सीटीत दातांवर रेघांचा पसारा होतो आणि त्यावर स्प्लिंट बनवता येत नाही. तोंडातला स्कॅनर वापरला तर पूर्ण कमानीचा स्कॅन शेवटच्या मोलरपाशी किंचित वाकू शकतो. पहिल्या काही केसेसमध्ये प्लास्टर मॉडेलही घ्या आणि दोन्ही ताडून पाहा. मला आजही दगडी प्लास्टरचं मॉडेल हातात असलेलं आवडतं, आणि टप्पा ९ मध्ये त्याची गरज लागतेच. स्कॅन आणि सीटी शक्यतो एकाच आठवड्यात करा.

तपासा, पेशंट अजून सेंटरवर असतानाच: फाइल उघडा. दोन्ही कॉन्डाइल पूर्ण दिसतात? ते खोबणीत बसले आहेत, की एक पुढे-खाली सरकला आहे? पेशंट हलल्याने कडा दुहेरी आल्या आहेत? ओठ आवळलेले आहेत? ह्यातलं काहीही चुकलं असेल तर इथेच थांबा. सरकलेला कॉन्डाइल म्हणजे बाइट चुकला. टप्पा ३ परत.

फाइल बाहेरच्या इंजिनिअरकडे किंवा लॅबकडे पाठवणार असाल तर पेशंटची लेखी संमती घ्या आणि डायकॉममधलं नाव काढून केस नंबर घाला.

## टप्पा ६: तीन गोष्टी एकत्र जोडणं

सीटीतून हाड वेगळं काढताना सीबीसीटीच्या करड्या छटांवर सीटीचे ठराविक आकडे लावू नका. त्या छटा मशीनप्रमाणे बदलतात. आकडा हाताने सरकवा, सायनसची पातळ भिंत आणि कॉन्डाइल ह्यांच्या कडा पाहून ठरवा. वरचा-खालचा जबडा वेगळा करा आणि खालच्या जबड्यातला नर्व्हचा कॅनाल दोन्ही बाजूंना काप-काप करून आखा. कॅनाल बाहेरच्या भिंतीला चिकटून जात असेल तर स्प्लिटच्या वेळी तिथे जास्त जपायचं आहे, हे प्लॅनच्या कागदावर लाल रंगात लिहा.

मग दातांचा स्कॅन सीटीवर बसवा. सॉफ्टवेअर आपोआप बसवून हिरवा टिक दाखवतं, त्यावर थांबू नका. तिन्ही दिशांच्या कापांत दातांची बाह्यरेषा पाहा: पुढचे दात, दोन्ही कॅनाइन, दोन्ही बाजूंचे मागचे मोलर. रेषा दातांच्या कडेवर असायला हवी. पुढे बरोबर आणि एका मोलरपाशी अर्धा मिमी बाहेर असेल, तर स्कॅन वाकलेला आहे किंवा जुळणी रेघांच्या पसाऱ्यावर झाली आहे. ब्रॅकेट वगळून, फक्त स्वच्छ दिसणाऱ्या दातांवर परत जुळवा.

शेवटी टप्पा ४ मधल्या फोटोप्रमाणे डोकं फिरवा. पडद्यावर कॅन्ट, मिडलाइन आणि दातांचं दिसणं मोजा आणि टप्पा २ च्या कागदाशी ताडा.

थांबा: कागदावर उजवी कॅनाइन ३ मिमी खाली आणि पडद्यावर १ मिमी खाली असेल तर पुढे जाऊ नका. दोन्हींपैकी एक खोटं आहे. बहुतेक वेळा डोक्याची ठेवण.

## टप्पा ७: अंतिम बाइट

पडद्यावर दात एकमेकांत घुसतात आणि सॉफ्टवेअर काही बोलत नाही. म्हणून अंतिम बाइट ऑर्थोडॉन्टिस्टने प्लास्टर मॉडेलवर हाताने लावावा, पेन्सिलने रेषा ओढाव्यात आणि मॉडेल तशीच धरून स्कॅन करावीत. बोटांना कमानी डुगडुगताना कळतात. फक्त डिजिटल करायचं असेल तर स्पर्शाचा रंगीत नकाशा उघडा आणि कुठे किती घुसतं ते पाहा. ह्या फाइलवर ऑर्थोडॉन्टिस्टची सही घ्या, कारण पुढचे काही महिने दात त्यांनाच सांभाळायचे आहेत.

## टप्पा ८: जबडे हलवण्याचा क्रम

इंजिनिअरबरोबर ऑनलाइन मीटिंग असेल तर तुमचे आकडे लिहून मगच बसा. पडद्यावर कोणीतरी माउस फिरवतंय आणि आपण "हां, छान दिसतंय" म्हणतोय, अशा मीटिंगमधून पेशंटचा प्लॅन निघत नाही.

आधी कापण्याच्या रेषा काढा. ले फोर्टची रेषा दातांच्या मुळांच्या टोकांपासून साधारण ५ मिमी वर ठेवा. कॅनाइनचं मूळ सगळ्यात लांब, तिथे मोजा.

मग फिरवण्याचं केंद्र वरच्या दोन मधल्या दातांच्या मधोमध ठेवा. हे विसरलात तर सॉफ्टवेअर जबड्याच्या मध्याभोवती फिरवतं, आणि कॅन्ट सरळ करताना मिडलाइन निसटते, मिडलाइन आणली की उंची बिघडते. मी पाळतो तो क्रम असा:

1. मिडलाइन चेहऱ्याच्या मध्यावर आणा.
2. समोरून पाहून कॅन्ट काढा.
3. खालून पाहून दोन्ही बाजूंचं पुढे-मागे वळण सरळ करा.
4. ओठ आणि दातांच्या मापावरून उंची ठरवा.
5. पुढे-मागे किती, ते ठरवा.
6. बाजूने पाहून दातांच्या प्लेनचा उतार ठरवा.
7. खालचा जबडा अंतिम बाइटप्रमाणे वरच्याला जोडा.
8. हनुवटी सर्वांत शेवटी.

शेवटचा मुद्दा उदाहरणाने सांगतो. समजा पेशंटची हनुवटी डावीकडे ६ मिमी आहे, वरची मिडलाइन डावीकडे २ मिमी, आणि उजवी कॅनाइन डावीपेक्षा ३ मिमी खाली. दोन कॅनाइनमधलं अंतर ३५ मिमी धरलं तर हा कॅन्ट जवळपास ५ अंशांचा. तो काढताना, दातांपासून ४० मिमी खाली असलेली हनुवटी जबड्याबरोबर साधारण साडेतीन मिमी उजवीकडे येते. मिडलाइन दुरुस्त करताना आणखी २ मिमी. सहापैकी साडेपाच मिमी तर हनुवटीला हात न लावताच गेले. जे आधी हनुवटी सरकवून मोकळे होतात, ते पेशंटची हनुवटी उजवीकडे वाकडी करतात.

खालच्या जबड्याचे मागचे तुकडे आता नीट पाहा. असममित केसमध्ये एका बाजूला पुढचा तुकडा मागच्याला आतून धक्का देतो आणि कॉन्डाइलसकट बाहेर फाकवतो. पूर्ण जबडा १ अंश आडवा फिरवला तर दातांपासून ७५ मिमी मागे असलेल्या कोनापाशी सव्वा मिमी फरक पडतो. तेवढ्याने कधी कधी धक्का सुटतो. नाही सुटला तर कुठलं हाड किती घासायचं ते प्लॅनमध्ये लिहा.

हनुवटीचा काप मेंटल फोरामेनच्या (नर्व्ह हाडातून बाहेर पडते त्या छिद्राच्या) किमान ५ मिमी खाली ठेवा. बाहेर पडण्याआधी नर्व्ह खाली वळसा घेते.

सावध: ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवणारं चित्र पेशंटला वचन म्हणून देऊ नका. ओठ आणि हनुवटीखालचा भाग ह्यात सॉफ्टवेअर सर्वांत जास्त चुकतं, आणि नाकपुड्या रुंद होणं त्यात नीट येत नाही. पेशंटला समजावण्यापुरतं दाखवा, मोबाइलवर पाठवू नका.

## टप्पा ९: कुठला जबडा आधी, आणि स्प्लिंट

सवयीने वरचा जबडा आधी घेतला जातो. पण बाइटबद्दल जराही शंका असेल, वरचा जबडा तुकड्यांत कापायचा असेल, किंवा दोन्ही जबडे पुढून वर आणि मागून खाली फिरवायचे असतील, तर खालचा आधी घेण्याचा विचार करा. तेव्हा खालचा जबडा न कापलेल्या वरच्यावर बसतो, त्यामुळे बाइटमधली चूक वरच्या जबड्यात कमी उतरते. मात्र त्यासाठी खालच्या प्लेट भक्कम हव्यात आणि स्प्लिट बिघडलं तर काय करायचं ते आधी ठरलेलं हवं.

इंटरमीडिएट स्प्लिंटसाठी जबडा उघडावा लागला तर कमीत कमी उघडा. जितका उघडाल तितकी फिरण्याच्या केंद्राची चूक वाढते. स्प्लिंटने दातांच्या टोकांनाच धरावं, ब्रॅकेटला स्पर्श करू नये. दोन्हींवर नाव, केस नंबर आणि "इंटरमीडिएट" किंवा "फायनल" हे छापूनच घ्या. नंतर मार्करने लिहिलेलं निर्जंतुकीकरणात पुसलं जातं.

छपाई तोंडात वापरायला मान्यता असलेल्या रेझिनमध्येच करा. क्युरिंग पूर्ण होण्याआधी आधाराच्या काड्या काढल्या तर स्प्लिंट वाकतो. ऑटोक्लेव्ह चालतो का हे रेझिनच्या कागदावर पाहा. चालत नसेल तर कंपनीने सांगितलेली दुसरी पद्धत वापरा. निर्जंतुक केल्यावर एकदा मॉडेलवर लावून बघण्यासाठी एक जास्तीचा स्प्लिंट छापा.

तपासा, ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी: दोन्ही स्प्लिंट प्लास्टर मॉडेलवर लावा. मग पेशंटला बोलवून तोंडात प्रत्येक कमानीवर एकेक करून बसवा. डुगडुगला, दाबावा लागला किंवा एखाद्या दातावर उचलला गेला तर दात हलले आहेत. नवीन स्कॅन करा आणि तारीख पुढे ढकला. त्याला घासून बसवू नका.

## टप्पा १०: ओटीत

भिंतीवर एकच कागद लावा: वरचे मधले दात, दोन्ही कॅनाइन, दोन्ही पहिल्या मोलर. प्रत्येकासमोर तिन्ही दिशांची हालचाल मिमीमध्ये. पुढचे दात ३ मिमी वर जातात म्हणजे मोलरही ३ मिमी जातात असं नाही.

स्प्लिंट पुढे-मागे आणि डावं-उजवं सांगतो. उंची तो सांगत नाही, ती तुम्हीच ठरवता. कापण्याआधी नाकाच्या मुळाशी पिन लावा आणि तिथून पुढच्या दाताच्या ब्रॅकेटपर्यंत मोजून ठेवा. इथे एक बारीक चूक होते. पिनपासून दात समजा ८० मिमी खाली आणि ५ मिमी पुढे आहे. जबडा फक्त ६ मिमी पुढे आणला, उंची अजिबात बदलली नाही, तरी तिरकं माप ८०.२ वरून ८०.८ होतं. म्हणून नंतरचं अपेक्षित माप डोक्यात वजाबाकी करून काढू नका, सॉफ्टवेअरमधून मोजून कागदावर लिहा.

स्प्लिंट लावून दोन्ही जबडे वायरने बांधल्यावर कॉन्डाइल हलकेच वर-पुढे बसवा आणि सगळं एकत्र बिजागरीसारखं वर फिरवा. मागे ट्युबरॉसिटीजवळ (वरच्या जबड्याच्या मागच्या टोकाशी), पॅलाटाइन धमनीभोवती किंवा नाकाच्या पडद्याशी हाड अडलं तर जबडा तिथे टेकून फिरतो आणि कॉन्डाइल खोबणीतून खाली ओढला जातो. हाताला सगळं बसल्यासारखं वाटतं. वर फिरवताना जोर लावावा लागला तर मागे हाड अडलेलं आहे, ते काढा.

तपासा, प्रत्येक जबड्याच्या प्लेट लावल्यावर: वायर सोडा. भूलतज्ज्ञांना सांगून स्नायू पूर्ण सैल आहेत ह्याची खात्री करा. दोन बोटांनी खालचा जबडा हलकेच मिटवा. दात स्वतःहून स्प्लिंटच्या खाचांत पडायला हवेत. पुढे फट राहिली किंवा एका बाजूला घसरून बसले, तर रबर लावून पुढे बघू असं म्हणू नका. स्क्रू काढा, अडलेलं हाड शोधा, कॉन्डाइल परत बसवा आणि प्लेट नव्याने लावा. पेशंट टेबलावर आहे तोवर ह्याला वीस मिनिटं जास्त लागतात.

## टप्पा ११: प्लॅन आणि निकाल ताडून पाहणं

ऑपरेशननंतरचा सीटी किंवा सीबीसीटी उपचारासाठी लागणारच असेल तर तो ऑपरेशनआधीच्या कवटीच्या तळावर बसवा आणि टप्पा १० च्या कागदावरचे बिंदू परत मोजा. ठरवल्यापासून २ मिमी आणि ४ अंशांच्या आत असणं ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे. मिडलाइनला मात्र २ मिमी फार होतात, ते घरच्यांनाही दिसतं.

प्रत्येक केससाठी वहीत एक ओळ लिहा: किती फरक, कुठल्या दिशेने, बाइट कोणी घेतला, कुठला जबडा आधी कापला. दहा-बारा ओळी झाल्या की दिशा पाहा. वरचा जबडा दर वेळी मागेच राहत असेल तर तुमचा बाइट पुढे येतोय. उंची दर वेळी जास्त उरत असेल तर मागचं हाड कमी काढलं जातंय. एकाच बाजूचा कॅन्ट उरत असेल तर पेशंटला ज्या भिंतीसमोर उभं करता, तिथला कॅमेऱ्याचा स्टँड ओळंब्याशी लावून पाहा.